पूर, फीड आणि चाळण: फोनवर काय दिसावं हे आपण कधी ठरवणार?

पंचगंगाकाठ | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, बरेच दिवस मनात असलेला विषय आज मांडतो. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

२०२१ च्या जुलैतली गोष्ट. माझी मावशी प्रयाग चिखलीला. दोन म्हशी, एक रेडकू, घरात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. चिखली-आंबेवाडीत पाणी आधी येतं आणि सगळ्यात शेवटी जातं, हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. मावशीकडं साधा बटणांचा फोन, त्यामुळं पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघून तिला कळवायचं काम माझं. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. आपल्याकडं हे आकडे शाळेतल्या पोरांनाही पाठ असतात.

त्या रात्री मी दर तासाला ॲप उघडत होतो. दर वेळी फीडमध्ये, म्हणजे पोस्ट्सच्या त्या सरकत्या रांगेत, सगळ्यात वर एकच पोस्ट: पातळी अजून इशाऱ्याच्या खाली, घाबरू नका. खाली शेकडो कमेंट्स. मी मावशीला तेच सांगत राहिलो. पहाटे तिचाच फोन आला. "बाळा, पाणी गोठ्यात शिरलंय, आणि तू अजून घाबरू नको म्हणायलायस व्हय?"

ती पोस्ट आदल्या दिवशी दुपारची होती. नवी पातळी सांगणाऱ्या तीन पोस्ट्स मला नंतर सापडल्या, पार खाली, कारण त्यांच्यावर कुणी फारसं बोललेलं नव्हतं. शेजाऱ्यांनी ट्रॅक्टर काढला म्हणून माणसं आणि जनावरं सुखरूप बाहेर पडली. पोस्टची वेळ मी बघायला हवी होती, हे कबूल. पण नदीच्या पातळीला वेळेशिवाय दुसरा कोणता क्रम असू शकतो? जिच्यावर जास्त चर्चा ती पातळी आधी, हे कुणी आणि कुणासाठी ठरवलं?

घरात रव्याची चाळण वेगळी असते आणि पिठाची वेगळी. कशाला कोणती घ्यायची हे घरचं माणूस ठरवतं. फोनमध्ये मात्र एकच चाळण, तीही दुसऱ्याच्या हातात, आणि तिची भोकं केवढी आहेत हे आपल्याला दिसतही नाही. ती आपल्या हातात कशी येईल यावर बोलूया.

---

तिसरी_गल्ली | सोमवार, रात्री १०:०५

थोडी सोय आहे, पण लपवलेली आहे. माहीत नसेल त्यांच्यासाठी लिहितो.

इन्स्टाग्रामनं २०१६ मध्ये वेळेनुसार क्रम काढून टाकला होता, तो मार्च २०२२ मध्ये 'फॉलोइंग' नावानं परत आणला. सोबत 'फेव्हरिट्स' दिलं, म्हणजे आपण निवडलेली ठरावीक खातीच दिसतात. फेसबुकवर जुलै २०२२ पासून 'फीड्स' असा वेगळा कप्पा आहे. एक्सवर 'फॉलोइंग' आहेच. यूट्यूबवर बघितल्याचा इतिहास बंद करून पुसून टाकला, तर ऑगस्ट २०२३ पासून पहिलं पान जवळजवळ कोरं येतं. माझ्या वडिलांच्या फोनवर मी हेच करून ठेवलंय. त्यांना भजन आणि शेतीचे व्हिडिओ लागतात, ते शोधून बघतात. आता रात्री अकराला झोपतात.

अडचण एवढीच की यातल्या बऱ्याच ठिकाणी ॲप बंद करून उघडलं की ये रे माझ्या मागल्या.

---

बावडेकर | सोमवार, रात्री १०:१२

एवढा खटाटोप कशाला? ॲपच काढून टाका की. मी दीड वर्षं झालं काढून. काही अडत नाही.

---

कांदालसूण_राजारामपुरी | सोमवार, रात्री १०:५१

बावडेकर दादा, तुमचं अडत नसेल, माझं अडतं. कांदा-लसूण मसाल्याची निम्म्याहून जास्त गिऱ्हाइकं मला फोनवरूनच मिळतात. पुण्या-मुंबईच्या बायका माझं पान धरून आहेत. ॲप काढलं तर उन्हाळ्यातली कांडपाची मजुरी निघणार नाही.

आणि मला या विषयाची दुसरी बाजूही सांगायची आहे. जून २०२५ मध्ये प्रादाच्या मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि महिनाभर सगळ्यांच्या फोनवर कोल्हापुरी चप्पलच होती. माझे दीर चपला शिवतात. त्यांना कधी नाव न ऐकलेल्या गावांतून विचारणा आली. त्या लोकांनी 'फक्त ओळखीचं दाखव' असं बटण दाबलेलं असतं, तर माझे दीर त्यांना दिसले असते का? अनोळखी माणसापर्यंत पोचणं ही आमच्यासारख्यांची गरज आहे. त्यामुळं फक्त वेळेनुसार दाखवा, बाकी सगळं बंद, याला माझा पाठिंबा नाही. मला निवड हवी आहे. सकाळी धंद्याच्या वेळी एक चाळण, रात्री पोरांना घेऊन बसल्यावर दुसरी.

---

पंचगंगाकाठ | सोमवार, रात्री ११:०२

वहिनी, हा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता. वेळेनुसार क्रम हे एकमेव उत्तर नाही, हे पटलं.

---

सर्व्हररूम | मंगळवार, सकाळी ७:३०

मी याच क्षेत्रात काम करतो, म्हणून आतली रचना सांगतो.

फेसबुकचं न्यूज फीड सप्टेंबर २००६ मध्ये सुरू झालं. पुढं पोस्ट्सचा क्रम गुणांवरून लागू लागला. लाइकला इतके गुण, कमेंटला इतके. २०१७ मध्ये रागाच्या इमोजीसह सगळ्या प्रतिक्रियांना लाइकच्या पाचपट वजन दिलं गेलं होतं. हे २०२१ मध्ये कंपनीची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आली तेव्हा कळलं. रागाचं वजन नंतर कमी करत शून्यावर आणलं. म्हणजे काही काळ, एखाद्या पोस्टवर संतापून रागाचा चेहरा दाबणारा माणूस तीच पोस्ट पाच लाइकइतक्या जोरानं दुसऱ्यांच्या डोळ्यांपुढं ढकलत होता. दाबणाऱ्याला याची कल्पना नव्हती. पंचगंगाकाठ, तुमची ती जुनी पोस्ट का वर राहिली याचं उत्तर याच जातीचं आहे. लोक घाबरून तिच्याखाली विचारत राहिले, आणि प्रत्येक प्रश्नानं तिला आणखी वर नेलं.

'हे नको' म्हणायची बटणं किती कामाची, हेही तपासलं गेलंय. फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलानं २०२२ मध्ये यूट्यूबबद्दल अहवाल काढला, वीस हजारांहून जास्त लोकांनी आपला वापर त्यासाठी दिला होता. नापसंतीचं बटण दाबल्यानं नको असलेल्या शिफारशींपैकी जेमतेम १२ टक्के टळल्या. 'हे चॅनल सुचवू नका' हे सगळ्यात परिणामकारक, तरी ४३ टक्केच. बटण आहे, पण ते दाबल्यावर होतं काय ते कंपनीच्या मनावर.

---

बावडेकर | मंगळवार, सकाळी ८:१५

मग बाहेरच्या कुणी असं साधन का बनवत नाही? एवढे इंजिनिअर आहेत आपल्याकडं.

---

सर्व्हररूम | मंगळवार, दुपारी १:२०

बनवलं होतं. लुई बार्कले नावाच्या ब्रिटिश माणसानं फेसबुकवरचे सगळे मित्र आणि पानं एका फटक्यात अनफॉलो करणारं साधन केलं. मैत्री तशीच राहते, फीड मात्र रिकामं. २०२१ मध्ये त्याला कंपनीच्या वकिलांची नोटीस आली आणि खातं कायमचं बंद झालं. मग अमेरिकेतले प्राध्यापक इथन झुकरमन यांनी तसंच साधन करायचं ठरवलं आणि मे २०२४ मध्ये आधी स्वतःच कोर्टात गेले, की हे बनवण्याचा हक्क मला कायद्यानं आहे असं सांगा. साधन अजून तयारच नाही, म्हणून नोव्हेंबरमध्ये दावा फेटाळला गेला.

उलट्या दिशेनं पण काम चाललंय. ब्लूस्काय या एक्ससारख्या ॲपवर २०२३ पासून कुणीही स्वतःचं फीड बनवून इतरांना वापरायला देऊ शकतं, आणि मार्च २०२४ पासून कोणत्या पोस्टवर कसला शिक्का मारायचा हे कामही बाहेरच्या गटाला करता येतं. आपण हव्या त्या गटाचे शिक्के मानायचे, नको ते सोडायचे. मॅस्टोडॉन या तशाच दुसऱ्या ठिकाणी क्रम वेळेचाच असतो आणि शब्द घालून पोस्ट पूर्ण लपवता येते किंवा इशाऱ्याच्या पडद्यामागं ठेवता येते. अडचण एकच: आपली माणसं तिथं नाहीत. चिखलीचा पोलीस पाटील ब्लूस्कायवर पातळी टाकत नाही.

---

गुरुजी_निवृत्त | मंगळवार, सायंकाळी ६:४५

शब्द घालून पोस्ट लपवण्याचा विषय निघाला म्हणून माझा अनुभव लिहितो. मी छत्तीस वर्षं मराठी शिकवलं.

गेल्या पावसाळ्यात सौ.ला पुराचे व्हिडिओ बघून त्रास होऊ लागला. नातवानं एका ॲपच्या सेटिंगमध्ये जाऊन 'पूर' हा शब्द बंद केला. दोन दिवसांनी ती म्हणाली, "अहो, गावाकडचं काहीच दिसेना झालंय." बघतो तर कोल्हापूर गेलं! सोलापूर, नागपूर, पंढरपूर, सगळी गावं गेली. ज्या शब्दाच्या शेवटी पूर आहे तो प्रत्येक शब्द त्या यंत्रानं गाळला होता. नातवानं मग 'पूर्ण शब्द जुळला तरच' ही खूण केली. कोल्हापूर परत आलं, पण पुराचे व्हिडिओही परत आले.

कारण मराठीत माणूस 'पूर' असं सुटं क्वचितच लिहितो. 'पुरात अडकलेले', 'पुराचं पाणी', 'पुरामुळे रस्ता बंद', 'पुराने वेढा'. विभक्ती लागताना सामान्यरूप होतं आणि दीर्घ पू ऱ्हस्व होतो. म्हणजे 'पूर' आणि 'पुरात' यांत पहिलं अक्षरसुद्धा सारखं नाही. इंग्रजीत 'फ्लड' हा शब्द बंद केला तर निदान मूळ रूप जागेवर राहतं, शेपूट फक्त मागं लागतं. आपल्याकडं शब्द आतूनच बदलतो. आता नातू म्हणाला, मग 'पुर'नं सुरू होणारं सगळं बंद करू. मी म्हटलं, थांब. पुरवठा जाईल, पुरस्कार जाईल, पुरुष जाईल, पुरणपोळी जाईल, पुरेसा जाईल.

शिवाय निम्मी तरुण मंडळी मराठी लिहितात रोमन अक्षरांत, तीही प्रत्येक जण आपल्या पद्धतीनं. आणि शुद्धलेखन न पाळणारे 'पुर आला' असं ऱ्हस्व लिहितात, त्यांचं वेगळंच.

मला वाटतं, चाळण आपल्या हातात द्या ही मागणी मराठी माणसानं करताना तिला आणखी एक कलम जोडायला हवं: ती चाळण मराठी जाणणारी हवी.

---

सर्व्हररूम | मंगळवार, रात्री ८:१०

गुरुजी, तुम्ही नेमकं दुखण्यावर बोट ठेवलंत. यात भर घालतो. 'ॲप' हा शब्दच घ्या. त्यातलं पहिलं अक्षर काही कीबोर्ड एकच चिन्ह म्हणून लिहितात, काही अ आणि वरची चंद्रकोर अशी दोन चिन्हं जोडून. डोळ्याला दोन्ही सारखी, यंत्राला वेगळी. शब्द कुठं सुरू होतो नि कुठं संपतो हे ओळखायच्या बऱ्याच जुन्या पद्धती रोमन अक्षरं धरून केलेल्या आहेत. त्यांना काना-मात्रा म्हणजे अक्षरच वाटत नाही, त्यामुळं शब्द मधेच तुटतो. हे दुरुस्त करणं अवघड नाही. मराठीच्या सामान्यरूपांचे नियम व्याकरणात लिहिलेलेच आहेत. कुणीतरी बसून करायला हवं, एवढंच.

---

कुरुंदवाड_घाट | मंगळवार, रात्री ९:३३

मी पहिल्यांदाच लिहितेय.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या घरात कितीतरी दिवस पाणी होतं. शिरोळ तालुक्यातल्या लोकांना त्या दिवसांबद्दल काही सांगावं लागत नाही. आई त्या वेळी गच्चीवरून बोटीत उतरली. अजूनही पाऊस सलग चार दिवस लागला की तिला धडधडतं. दर जूनमध्ये कुणीतरी २०१९ चे व्हिडिओ नव्यानं टाकतं, संगीत लावून, आणि फोन ते आपोआप चालू करतो. तिनं एकदा दोन सेकंद जास्त बघितला की पुढचे आठ तसलेच. तिला आवडला म्हणून नाही हो, ती हादरून थांबते म्हणून.

पण मी तिला पुराबद्दलचं सगळं बंद करून देऊ शकत नाही. राधानगरीचे दरवाजे उघडले, अलमट्टीतून विसर्ग वाढवला, हे तिला कळायलाच हवं. आम्ही नदीकाठी राहतो. म्हणजे पंचगंगाकाठ दादांना पावसाळ्यात पुराचं सगळ्यात नवं आधी हवं आहे आणि आईला पुराचं जुनं अजिबात नको, पातळी तेवढी हवी. शब्द एकच, जिल्हा एकच. बाहेर बसलेलं कुणी दोघांसाठी मिळून एक चाळण लावू शकेल असं मला वाटत नाही.

---

पंचगंगाकाठ | मंगळवार, रात्री ९:५०

ताई, लिहिलंत हे फार बरं झालं. आईंना नमस्कार सांगा. 'जुनं नको, पातळी हवी' हीच खरी गरज आहे. 'तीस दिवसांपूर्वीचं काही दाखवू नको' एवढं एक बटण असतं तर?

---

मंगळवारपेठ_नववी | बुधवार, सकाळी ६:५८

माझा मुलगा बारावीत होता तेव्हाची गोष्ट. ७ जून २०२३, कोल्हापूर. काही जणांनी सोशल मीडियावर ठेवलेल्या स्टेटसवरून वातावरण तापलं, बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, लाठीमार झाला, मग इंटरनेट बंद. त्याच्या आदल्या रात्री मुलाच्या फोनवर एकामागून एक जे येत होतं ते मी त्याच्या शेजारी बसून बघितलं. त्यानं त्यातलं एकही शोधलं नव्हतं. पेठेतल्या फुटबॉलच्या क्लिप्स बघणारं पोरगं ते. एक उघडली, आणि अर्ध्या तासात फुटबॉल नावाला उरला नाही.

त्या दिवसापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही. सरकारकडं बटण होतं, ते म्हणजे सगळ्यांचं सगळं बंद. त्यात दवाखान्याचे फोन-पे बंद, पोरांचे प्रवेशाचे फॉर्म बंद. कंपनीकडं बारीकसारीक बटणं असणारच. मधे बापाला मात्र 'आज रात्री या घरात अनोळखी खात्यांचे व्हिडिओ नकोत' असं म्हणायची जागा नव्हती. ती असती तर इंटरनेट बंद करायची वेळ टळली असती असा दावा मी करत नाही. पण माझ्या घरापुरतं मला काही करता आलं असतं.

---

विद्यापीठ_रोड | बुधवार, दुपारी १२:१५

तुमची भावना समजू शकते. पण चाळण हाती आली म्हणजे भांडणं कमी होतील, असं मात्र धरून चालू नका. मी संशोधन करते, म्हणून हे लिहिणं मला गरजेचं वाटतं.

अमेरिकेत २०२० च्या निवडणुकीच्या वेळी हजारो लोकांचं फेसबुक आणि इन्स्टाग्राम तीन महिने वेळेनुसार करून बघितलं. निष्कर्ष जुलै २०२३ मध्ये 'सायन्स' या संशोधन पत्रिकेत आले. लोक ॲपवर कमी वेळ राहू लागले. फेसबुकवर शिवराळ मजकूर कमी दिसला. पण राजकीय मजकूर आणि अविश्वासार्ह ठिकाणांहून आलेला मजकूर वाढला. आणि लोकांची राजकीय मतं, एकमेकांबद्दलची कटुता यांत लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही.

म्हणून मी नियंत्रणाची मागणी करते ती लोक सुधारतील म्हणून नाही. माझं लक्ष कुठं जावं हे मी ठरवावं, एवढंच कारण मला पुरेसं आहे. शिवाय, नको ते न दिसणं वेगळं आणि कुणाला बोलूच न देणं वेगळं. पोस्ट काढून टाकली तर ती सगळ्यांसाठी जाते. मी माझ्या चाळणीतून गाळली तर लिहिणाऱ्याचा हक्क शाबूत राहतो.

---

तिसरी_गल्ली | बुधवार, दुपारी १२:४०

कायद्याचं काय? आपल्याकडं २०२१ चे आयटी नियम आहेत, पण त्यांचा भर तक्रार अधिकारी, मजकूर हटवणं यांवर.

---

विद्यापीठ_रोड | बुधवार, दुपारी १:३०

युरोपात २०२२ चा डिजिटल सर्व्हिसेस ॲक्ट आहे. तिथं ज्यांचे साडेचार कोटींहून जास्त वापरकर्ते आहेत त्या मोठ्या ॲप्सना, माणसाची माहिती गोळा करून लावलेला क्रम सोडून निदान एक दुसरा पर्याय द्यावाच लागतो (कलम ३८). आणि तिसऱ्या गल्लीनं सुरुवातीला 'ये रे माझ्या मागल्या' म्हटलं ना, नेमक्या त्याच मुद्द्यावर बिट्स ऑफ फ्रीडम ही डच संस्था मेटाविरुद्ध, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामच्या मालक कंपनीविरुद्ध, कोर्टात गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲमस्टरडॅमच्या कोर्टानं सांगितलं की वापरकर्त्यानं केलेली निवड ॲप बंद करून उघडल्यावरही टिकली पाहिजे.

म्हणजे निवड टिकवून ठेवणं कंपनीला जमत नाही असं नाही. तिथं कायदा आहे, म्हणून कोर्टाला तसं सांगता आलं.

---

बावडेकर | बुधवार, रात्री ८:२०

मी परवा 'ॲपच काढा' म्हणालो ते मागं घेतो. कुरुंदवाडच्या ताईंचं वाचून घरात बोललो. आमची आई पण बावड्यात पाणी आलेलं तसं बघत बसते. काढून टाकणं हे माझ्यापुरतं झालं, तिच्यासाठी काहीतरी दुसरंच लागणार.

---

सर्व्हररूम | बुधवार, रात्री १०:४५

मी एक करू शकतो. ब्राउझरमध्ये चालणारं छोटं साधन, जे मराठी शब्दांची रूपं ओळखून पोस्ट झाकेल. पुसणार नाही, फक्त पडदा टाकेल, बोट लावलं की उघडेल. फोनच्या ॲपमध्ये ते चालणार नाही, संगणकावर किंवा ब्राउझरमधून उघडलं तरच. सुरुवात 'पूर'पासूनच करू. गुरुजी, मला दोन याद्या लागतील: ज्या रूपांवर पडदा टाकायचा ती, आणि दिसायला तशीच पण सोडून द्यायची ती. कुरुंदवाडच्या ताई, तुम्हाला हवं ते 'पातळीचं सोडून द्या' यात कोणते शब्द येतात तेही लिहा.

---

कुरुंदवाड_घाट | बुधवार, रात्री ११:०४

पातळी, फूट, इंच, इशारा, धोका, विसर्ग, क्युसेक, दरवाजे, बंधारा, स्थलांतर, निवारा, बोट. हे असलेलं काही झाकू नका. आणि २०१९ हा आकडा असेल तर झाका.

---

गुरुजी_निवृत्त | गुरुवार, सकाळी ६:१०

झाकायची: पूर, पुर, महापूर, पुरात, पुराचा, पुराची, पुराचे, पुराचं, पुराच्या, पुराला, पुराने, पुरानं, पुरामुळे, पुरामुळं, पुरातून, पुरानंतर, पूरग्रस्त, पूरस्थिती.

सोडायची: गावांची सगळी नावं, पुरवठा, पुरवणी, पुरस्कार, पुरुष, पुराण, पुरावा, पुरातन, पुरेसा, पुरण, भरपूर, पुरेपूर.

'पुरात' आणि 'पुरातन', 'पुराने' आणि 'पुराणे' इथं सांभाळा. 'पूररेषा' कुठं घालायचा ते ठरेना. बांधकामाच्या बातम्यांत येतो, त्रास व्हायचं कारण नाही. सोडायच्या यादीत घ्या.

---

कांदालसूण_राजारामपुरी | गुरुवार, सकाळी ९:२२

आमची राजारामपुरी, शाहूपुरी, लक्ष्मीपुरी पण सोडायच्या यादीत घाला. आणि 'कोल्हापुरी'. नाहीतर माझा मसाला नि दिरांच्या चपला दोन्ही पडद्याआड जातील.